खुंटीवरचे मालक

राणीबाईंचं लग्न कोयत्याशी लागलं होतं. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारपणी मी काहीबाही बडबडायला लागले. पण देवाशप्पथ खरं आहे. भटजी होते, अक्षता होत्या, सनई होती, जेवणावळीत बुंदीच्या परातीच्या पराती उठल्या होत्या. आणि नवरदेवाच्या पाटावर लाल मखमलीत गुंडाळलेला केळी कापायचा कोयता होता.

मी हिंगणीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले ती आणीबाणीच्या जरा आधी. आमचे हे वर्ध्याला कचेरीत. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या एस.टी.ने जायचे. मला खोली मिळाली दादाराव पाटलांच्या घरी, ओसरीला लागून. सामान लावत होते तोच केळीचा एक व्यापारी दारात सायकल टेकवून ओरडला, "मालक हायेत का घरी?"

आतून एक उंच, गोरी बाई आली. डोक्यावरून पदर, नाक सरळ, चाल अशी की कुणी मागे चवरी धरली असावी. पण हात पाहिले तर बोटं काळी, केळीच्या चिकाने डागाळलेली. "आहेत की," ती म्हणाली, आणि दाराशेजारच्या खुंटीकडे बोट केलं. खुंटीवर कोयता टांगलेला. "मालक हे इथे आहेत. सालदार हवा असेल तर तो बागेत पाणी देतो आहे."

व्यापारी हसत बागेकडे गेला. मी मात्र तोंड उघडं टाकून उभी. म्हटलं, बरं घर गाठलं बाई आपण! इथे नवरा सालावरचा गडी आणि कोयता मालक!

उलगडा पुढे झाला, थोडा थोडा, केळफूल सोलता सोलता. राणीबाईंचं तोंड सुटायचं ते हात गुंतलेले असले की.

त्या नागपूरकडच्या एका जुन्या सरदार घराण्यातल्या. घराण्याचं नाव घेत नाही, त्यांना आवडलं नसतं. जहागीर केव्हाच सरकारजमा झालेली, हत्तीखान्यात म्हशी बांधलेल्या, पण ऐट तसूभर कमी नाही. मुलींना कडक गोषा. दादारावांचं घराणं जुन्या मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, कुळाने तोलामोलाचं, पण वडलांच्या पिढीपासून सगळे स्वतः केळीत राबणारे. आजोबांनी कधी शब्द दिला होता म्हणून सोयरीक झाली. मुलाने मुलगी पाहिली नव्हती, मुलीने मुलगा.

लग्न तोंडावर आलं आणि दादारावांना मुदतीचा ताप भरला. राणीबाईंच्या वडलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, निरोप धाडला की मुहूर्त हलणार नाही, खांडा पाठवा. सरदारांच्या घरची ही जुनी चाल. नवरदेव येऊ शकला नाही तर त्याची तलवार यायची आणि मुलीने तलवारीला माळ घालायची. आता पंचाईत अशी, की दादारावांच्या घरी तलवारच नव्हती. असायची तेव्हा असेल, पण आता नव्हती, आणि सरदारांना तसं सांगायची लाज. मग दादारावांच्या काकाने डोकं चालवलं. बागेतला कोयता राखेने घासला, मखमलीत गुंडाळला, वरून जरीची नाडी बांधली, आणि वऱ्हाड घेऊन निघाला. दादाराव तापात बरळत पडलेले, त्यांना पत्ताच नाही.

"हातात दिला तेव्हाच मला कळलं," राणीबाई सांगायच्या. "आमच्याकडे भिंतीभर तलवारी. तलवारीचं वजन मला ठाऊक नाही होय? आणि वास! चिकाचा तुरट वास मखमलीतून येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलू? आबासाहेबांनी तिथल्या तिथे वऱ्हाड झोडपून काढलं असतं. म्हटलं, असू दे. राजाचं काय गेलं?"

'असू दे, राजाचं काय गेलं' हे त्यांचं पालुपद होतं. दूध उतू गेलं, लुगडं फाटलं, रानडुकरांनी बाग तुडवली, सगळ्याला तेच एक औषध.

तर नवरी रागाने फणफणत हिंगणीला आली. काय काय सुनवायचं ते वाटेत सगळं ठरवून ठेवलेलं. समोर पाहते तर डोक्याचे केस झडलेला, गालाची हाडं वर आलेला एक माणूस बाजेवरून कसाबसा उठला आणि भिंतीला धरून उभा राहिला. नव्या बायकोशी तो पहिलं बोलला ते असं: "राणीसाहेब, तुमची फसवणूक झाली. तुमचं लगन माह्यासंगं नाई लागलं, कोयत्यासंगं लागलं. मले आजच समजलं. तुमच्या मनात नसन त आत्ता बंडी जुंपतो, इज्जतीनं पोचवून देतो."

राणीबाईंचं सगळं पाठ केलेलं जिभेवरच राहिलं. त्यांनी विचारलं, "कोयता कुणाचा?"

"माह्याच जी."

"मग असू द्या."

मी म्हटलं, "म्हणजे बघता क्षणीच प्रेम!"

"डोंबलाचं प्रेम!" त्या म्हणाल्या. "परत गेले असते तर आबासाहेबांनी तोंड पाहिलं नसतं. पण बाई, आमच्या घरात गोड बोलणारे पुष्कळ होते, खरं बोलणारा मी तोवर पाहिला नव्हता. म्हटलं, थांबून बघू तरी."

दादाराव बरे झाले ते बागेतल्या खोपटीत झोपायला गेले. 'कोयत्याची बायको हाय, मी कोन हक्क सांगनारा?' असं म्हणायचे म्हणे. रोज सकाळी मात्र केळीचं एक कोवळं पान कापून, पुसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून जायचे, कारण माहेरी चांदीच्या ताटात जेवलेल्या बाईला घरातलं पोचे पडलेलं ताट कसं द्यायचं. बोलणं नाही, चालणं नाही, फक्त पान. असा पावसाळा गेला, हिवाळा गेला. उन्हाळ्यात एक दिवस सोसाट्याचं वादळ झालं आणि दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर पान आलं नाही. राणीबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ज्या माहेरच्या मोतिया रंगाच्या रेशमी लुगड्यात होत्या त्याच लुगड्यात, अनवाणी, गोषाबिषा विसरून भर गावातून बागेत गेल्या. अर्धी बाग आडवी झाली होती. दादाराव एकटेच झाडांना बांबूचे टेकू देत होते. बाईंनी जाऊन बांबू धरला. दोघं संध्याकाळपर्यंत झाडं उभी करत होती. चिकाचे काळे डाग रेशमावर पडले ते पडलेच. चिकाचा डाग जात नसतो.

"त्या दिवशी सालदार घरी राहायला आला," राणीबाई म्हणाल्या आणि चाळिशीला टेकलेली ती बाई कानापर्यंत लाल झाली. केळफुलाची टोपली उगाच इकडची तिकडे केली.

आमचं लग्न पत्रिका जुळवून, दोनदा मुलगी दाखवून झालेलं. शनिवार-रविवार तेवढे एकत्र, तेही आम्ही भांडणात घालवायचो. हे दोघं कोयत्याच्या साक्षीने एकत्र आलेले, आणि सकाळी बागेकडे निघायला दादारावांचा पाय घरातून निघत नसे. मूलबाळ नव्हतं. त्यावरून गाव बोलायचं. एकदा एका बाईने दादारावांना दुसरी करायचा सल्ला दिला. ते म्हणाले, "पयलीच माही नाई व, कोयत्याची हाय. दुसरी कुठून करू?" आणि घरी येऊन हे राणीबाईंना सांगताना त्यांना हसून हसून खोकला लागला. दसऱ्याला बाकीची घरं अवजारं पुजायची. राणीबाई कोयत्याला झेंडूची माळ घालायच्या, हळदकुंकू वाहायच्या, आणि मग तीच माळ काढून दादारावांच्या गळ्यात टाकायच्या. "मालकांचा प्रसाद," म्हणायच्या. तेही मान वाकवून घ्यायचे.

एरवी त्यांची भाषा शुद्ध, दरबारी. पण फार आनंद झाला किंवा फार संताप आला की नवऱ्याची बोली तोंडात यायची. 'मले' ऐकू आलं की मी ओळखायचे, आज काहीतरी आहे.

सुखाला दृष्ट लागते म्हणतात. मी मानत नाही. पण राणीबाईंच्या भावाची जीप दारात थांबली तो दिवस मला आठवतो.

आबासाहेब वारले होते. कुठल्याशा लग्नात दादारावांच्या त्याच काकाने पोट धरून हसत कोयत्याची गोष्ट सांगितली होती, आणि ती फिरत फिरत भावाच्या कानी गेली. तो आला तेव्हा बहीण डोक्यावर घमेलं घेऊन बागेतून येत होती, अनवाणी. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दारातच ओरडायला लागला. "फसवणूक आहे ही! खांडा नाही, वर नाही, हे लग्नच नाही! ताईसाहेब, गाडीत बसा. आपल्या घराण्याची मुलगी अशी राहणार नाही."

शेजारपाजार गोळा झाला. मागून दादाराव आले, गुडघ्यापर्यंत चिखल. ते बैलबंडीजवळ मान खाली घालून उभे राहिले. राणीबाईंनी घमेलं खाली ठेवलं.

"लग्नच नाही म्हणतोस?" त्या भावाला म्हणाल्या. "बरं झालं. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आता मीच विचारते." आणि वळून, साऱ्या गावादेखत, "काहो, मले करून घेता का?"

दादारावांनी आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जशी मी पंच होते. मग म्हणाले, "घेतो जी. आत्ता घेतो."

बायकांनी पदर तोंडाला लावले. भाऊ पाणीही न पिता गेला, तो परत आला नाही. मी त्या दिवशी पोट भरून हसले. आता वाटतं, हसायला नको होतं. कारण भावाचं ते बोलणं राणीबाईंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. हे लग्नच नाही. दिवसा थट्टा चालायची, पण मधूनच त्या हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "एकदा अंतरपाट धरायला हवा हो. मी इकडे, तुम्ही तिकडे. मधला कपडा दूर झाला की समोर तुम्ही दिसायला हवेत. माझ्या लग्नात मला समोर काय दिसलं? मखमल."

दादारावांनी हे थट्टेवारी नेलं नाही. "तुळशीच्या लग्नाले धरू," ते म्हणाले. "एका मांडवात दोन लग्नं. भटजी काऊन पायजे? बाईच म्हणतीन मंगलाष्टका." बाई म्हणजे मी. माझा आवाज बरा होता तेव्हा.

पण ठरवलेलं जुळेना. एका वर्षी दादारावांच्या आईचं सुतक. एका वर्षी रानडुकरांनी बाग लोळवली, दोघं खोपटीतच मुक्कामाला. एका वर्षी मीच बाळंतपणाला माहेरी. 'असू दे, राजाचं काय गेलं' म्हणत वर्षं गेली. राणीबाईंच्या कपाळाच्या कडेला पांढरे केस आले. शेवटी एका दसऱ्याला दादारावांनी कोयत्यापुढे हात जोडून जाहीर केलं, "मालक, या साली तुमची बायको मी नेऊन राह्यलो. राग नोका मानू." राणीबाईंनी पेटीतून ते मोतिया लुगडं काढून उन्हात टाकलं. डाग तसेच होते. मी म्हटलं, "अहो, नवं घ्या, लग्न आहे." तर म्हणाल्या, "हाच माझा शालू-शेला. यातच तर सालदार घरी आला."

मी मंगलाष्टका घोकायला लागले.

दसरा झाला आणि दादारावांना थंडी वाजून ताप आला. जंगलकाठचं गाव, पावसाळ्यानंतर अशा तापाचं कुणाला काही वाटत नसे. दोन गोळ्या घेऊन ते बागेत गेले. राणीबाई रागावल्या तर म्हणाले, "ताप माह्या लग्नाचा जुना वैरी हाय. त्याले वाटलं, पुन्हा मुहूर्त आला." ताप डोक्यात गेला. बंडीतून सेलूपर्यंत, तिथून गाडीने वर्ध्याला नेत होते. त्यांचं डोकं राणीबाईंच्या मांडीवर होतं. शुद्ध नव्हती, पण मध्येच ते म्हणाले, "पान ठेवलं का?" त्या म्हणाल्या, "ठेवलं हो, ठेवलं." वर्धा यायच्या आधीच सगळं संपलं.

त्या दिवशी 'राजाचं काय गेलं' त्या म्हणाल्या नाहीत. पुन्हा कधीच म्हणाल्या नाहीत.

दहन झालं. बायका कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला आल्या. पुढे दादारावांची काकी, त्याच कोयतेवाल्या काकाची बायको. आता मी या चालीच्या विरुद्ध तेव्हाही होते, आजही आहे. मी उठून काही बोलणार, तोच राणीबाई उठल्या. खुंटीवरचा कोयता काढला आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"माझं लग्न याच्याशी लागलं," त्या म्हणाल्या. "हा आहे ना धडधाकट? मग कुंकू कशाला पुसता?"

काकीचा हात कुंकवापर्यंत आलेला, तो तसाच मागे गेला. मनात म्हटलं, वा राणीबाई! खरं सांगते, त्या दुःखातसुद्धा मला त्यांचा अभिमान वाटला.

तेरावं झालं. मंडळी उठायला लागली. काकी पायऱ्या उतरता उतरता थांबली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "असंच हाय त मंग तू त्याची कोन व? माहा दादाराव त बिनबायकोचाच गेला म्हनायचं."

राणीबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. कुंकू वाचवायला त्या जे बोलल्या होत्या त्यानेच त्यांचा माणूस परका केला होता. भाऊ म्हणाला तेव्हा उत्तर द्यायला शेजारी दादाराव होते. आता कोण होतं? त्यानंतर त्या माझ्याशीही बोलेनात. केळफुलं यायची, ओसरीवर पडून काळी पडायची.

तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ. त्या घरी त्या वर्षी सण नव्हता. आजूबाजूच्या अंगणांतून ऊस, बोरं, फटाके, मुलांचा गलका चाललेला. मी दार लोटून बसले होते. दारावर थाप पडली. राणीबाई उभ्या. अंगावर ते मोतिया लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात दादारावांचं धोतर.

"बाई, येता का? मंगलाष्टका म्हणायच्या आहेत."

मला नाही म्हणवलं नाही. तुळशीपुढे केळीचे दोन खांब रोवलेले, त्यांनी स्वतः कापून आणलेले. दोन पाट मांडलेले. एकावर त्या उभ्या राहिल्या. मी धोतराचं एक टोक खांबाला बांधलं, दुसरं हातात धरलं. पलीकडचा पाट रिकामा होता.

मी हळूच विचारलं, "तिकडे काय ठेवू? कोयता आणू?"

"नको. कोयत्याशी माझं एकदा झालं. तिकडे काही ठेवू नका. त्यांची जागा आहे ती."

मी म्हणायला लागले. शेजारच्या अंगणात त्याच मंगलाष्टका सुरू होत्या, त्यांच्या आधाराने मी एकेक ओळ ओढत नेली. शेवटचं 'सावधान' झालं आणि मी धोतर खाली केलं.

राणीबाईंनी पाहिलं. त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी असं पाहिलं, की मीही वळून पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला तिथे कुणी दिसलं नाही. पण त्यांचा चेहरा आधी लाजला, मग हसला, आणि मग हळूहळू फाटत गेला. झेंडूची माळ त्यांनी पाटावर ठेवली. पाटाला डोकं टेकवून त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. रडण्याचा आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. मी धोतर छातीशी धरून उभी होते आणि ढसाढसा रडत होते.

मग त्या उठल्या. डाग पडलेल्या रेशमी पदराने स्वतःच्या हाताने कपाळावरचं कुंकू पुसलं. अगदी नीट, कडेपर्यंत.

"अहो, हे काय!" मी ओरडले. "कुणाच्या बोलण्यासाठी? पुसू नका!"

"कुणासाठी नाही बाई," त्या म्हणाल्या. "आता लगन झालं. आता मले त्यांची विधवा होता येते. काकीले सांगजा, दादाराव बिनबायकोचा नाई गेला."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली वर्ध्याला झाली. निघायच्या दिवशी मी ट्रंक घेऊन ओसरीवर बसले होते. तोच जुना व्यापारी सायकलवरून आला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण वर्षानुवर्षांची सवय. तोंडातून निघूनच गेलं, "मालक हायेत का घरी?" आणि त्याने जीभ चावली.

आम्हा दोघांची नजर खुंटीकडे गेली. खुंटी रिकामी होती.

राणीबाई बागेकडे निघालेल्या, पायऱ्या उतरत होत्या. कपाळ मोकळं, पाय अनवाणी, कोयता हातात. त्या थांबल्या, पदर नीट केला.

"मालक गेले जी," त्या म्हणाल्या. "तुम्ही बागेत या. मी त्यांची सालदार हाय."